१३५७ हे कोणते साल? एक जुनी फाइल, तिचा हरवलेला परिसर आणि 'लोकल सेटअप'चा इतिहास

१/
आजचा धागा एका सीडीपासून सुरू होतो. उमरीतील एका निवृत्त गुरुजींनी नव्वदच्या दशकात, हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेल्या पंचक्रोशीतील वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. नांदेडच्या एका डीटीपी केंद्रात त्यांनी त्या टंकलिखित करून घेतल्या. पुस्तक निघाले नाही. हस्तलिखिताला वाळवी लागली, केंद्र बंद पडले. फ्लॉपीवरून कुणीतरी सीडीवर उतरवलेली एक फाइल आणि छापील प्रूफाची चार पाने एवढेच उरले.

२/
गुरुजींनी सीडी माझ्या हाती दिली. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वरचिन्हे, चलनाची चिन्हे यांचा नुसता चिखल. मराठीचे एकही अक्षर नाही. त्या गर्दीत वाचता येण्याजोगा एकच आकडा होता: १३५७.

३/
हा आकडा पाहून नवखा वाचक चौदाव्या शतकात जाईल. बहमनी सत्तेची आरंभीची वर्षे! परंतु निजामाच्या राज्यातील कागदांवर फसली सन चालत असे. 'फसल' म्हणजे पीक. हे महसुलाचे वर्ष. हैदराबाद राज्यात ते ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरातील तारखेत ५९० मिळवावे, पुढच्या महिन्यांत ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे वर्ष.

४/
त्याच वर्षी, जानेवारी १९४८ मध्ये, मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी उमरीच्या बँकेवर छापा घातला. नांदेड-निजामाबाद लोहमार्गावरील हे लहान गाव त्या घटनेमुळे संग्रामाच्या इतिहासात आले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानाचा निजामी अंमल संपला. गुरुजींच्या फाइलमध्ये त्या दिवसांच्या आठवणी होत्या, सांगणारी माणसे आता हयात नव्हती.

५/
येथेच या धाग्याचा मुख्य मुद्दा आहे. आकडा शाबूत होता, पण त्याची कालगणना ठाऊक नसती तर तो निरर्थक ठरला असता. फाइलचेही तेच झाले होते. एकही बाइट हरवला नव्हता. हरवला होता तो परिसर, ज्यात त्या बाइटांना अर्थ होता. प्रोग्रामर मंडळी या परिसराला 'एन्व्हायर्नमेंट' म्हणतात आणि तो स्वतःच्या संगणकावर उभा करण्याला 'लोकल सेटअप'.

६/
हा शब्द नवा असला तरी त्यामागील प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातच घडले. भारतात रचला व बांधला गेलेला आरंभीचा मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक 'टिफ्रॅक' मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो १९६० मध्ये पूर्ण केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा.

७/
टिफ्रॅकच्या काळात 'लोकल सेटअप' हा प्रश्नच उद्भवत नव्हता. यंत्र एक, जागा एक, परिसर एक. प्रोग्राम लिहिणारा यंत्रापाशी जाई. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातील विद्यापीठे व संस्था त्याचा उपयोग करू लागल्या. गणित कुठेही मांडले तरी ते चालायचे मुंबईतच. चूक निघाली तर दुरुस्त करून पुन्हा रांगेत.

८/
तेव्हा त्रास अंतराचा आणि प्रतीक्षेचा होता, पण एक सोयही होती. 'माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का चालत नाही?' हे वाक्य कुणाच्या तोंडी येऊ शकत नव्हते. ते वाक्य जन्माला येण्यासाठी दोन टेबलांवर दोन संगणक असावे लागतात. ऐंशीच्या दशकात वैयक्तिक संगणक आले आणि ती वेळ आली. संगणक घराजवळ आला, त्याबरोबर परिसरांची विविधताही आली.

९/
मराठीपुरते तर हे अक्षरशः हातात धरून दाखवता येई. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे नेले. त्याची मुळे कानपूरच्या आयआयटीतील संशोधनात होती. जिस्टचे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. कार्ड नसलेल्या शेजारच्या संगणकावर तीच फाइल उघडली की मराठी गायब. परिसर म्हणजे काय, हे त्या कार्डाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

१०/
जिस्टमागे एक प्रमाण संकेतप्रणाली होती: 'इस्की'. तिचे १९९१ चे रूप भारतीय मानक आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले. तिच्यात अक्षराला क्रमांक होता, त्याच्या छापील आकाराला नव्हे. 'क' हा 'क'च, मग तो कोणत्याही वळणाचा असो. म्हणजे प्रमाण उपलब्ध होते. मग गुरुजींची फाइल वाचता का येईना?

११/
कारण डीटीपीचा हेतू वेगळा होता. त्या व्यवसायाला छापील पान हवे होते. विंडोजवर इंग्रजीसाठी २५६ घरांचा तक्ता होता. फॉन्ट करणाऱ्यांनी त्या घरांतील रोमन आकार काढून तेथे देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच राहिला. फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढला. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा.

१२/
१३५७ तेवढे का वाचता आले, हेही आता उलगडते. अनेक फॉन्टांत देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्याच घरात बसवलेले असत. मुखवटा उतरला तरी अंक अंकच राहिले.

यात कुणाचा निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही. पान बिनचूक छापले जात होते, म्हणून दोष कुणाला दिसलाच नाही. तो मजकूर छापण्यासाठी होता, जपण्यासाठी नव्हता.

१३/
पुढे युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याचे रचनाकार मुंबईचे र. कृ. जोशी, मराठी कवी आणि सुलेखनकार. मात्र आधी मुखवट्यात लिहिले गेलेले सारे तसेच राहिले. ते आपोआप बदलणार नव्हते.

१४/
आता आमचा प्रकल्प. आम्ही तीन मित्र: एक पुण्यात अभियांत्रिकीचा, एक नांदेडला, मी उमरीत. गुरुजींच्या फाइलचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम लिहायचा ठरला. पण फॉन्टचा तक्ता कुठून आणायचा? तेथे ती चार प्रूफाची पाने कामी आली. एका बाजूला छापील मराठी, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर रोमन चिखलात. हिंदी-ग्रीक राजांच्या द्विलिपी नाण्यांवरून खरोष्ठी वाचली गेली, त्याच रीतीने एकेका चिन्हाची ओळख पटत गेली.

१५/
तक्ता जुळला तरी काम संपत नाही. मुखवट्याच्या फॉन्टात अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग क. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. 'धर्म' मधला रफार तेथे म नंतर येतो, युनिकोडमध्ये म च्या आधी. म्हणून प्रोग्रामला अक्षरे बदलावीही लागतात आणि हलवावीही लागतात.

१६/
पुण्याच्या मित्राने प्रोग्राम लिहिला, चालवला, पहिली पाने अचूक निघाली. त्याने तो आम्हाला पाठवला. उमरीत माझ्या लॅपटॉपवर तो पहिल्याच ओळीला थांबला. मी कळवले; उत्तर आले, 'माझ्याकडे तर चालतोय!' तेव्हा जाणवले की मित्राने प्रोग्राम पाठवला होता, परिसर पाठवला नव्हता. आमच्या हाती पुन्हा एक वाचता न येणारी फाइलच आली होती.

१७/
शोधल्यावर तीन भेद निघाले. पहिला, भाषेच्या आवृत्तीचा. त्याने पायथनमधील 'मॅच' ही रचना वापरली होती. ती ३.१० या आवृत्तीत, २०२१ मध्ये आली. माझ्याकडचे पायथन त्याहून जुने. त्याला ती रचना ठाऊकच नव्हती. शिवकालीन पत्रातला फारसी शब्द आजच्या मराठी वाचकाला अडावा, तसाच हा प्रकार; येथे फक्त जुन्या वाचकाला नवा शब्द अडला.

१८/
दुसरा भेद जागेचा. चिन्हांचा तक्ता प्रोग्राम त्याच्या संगणकावरील, त्याच्या नावाच्या फोल्डरात शोधत होता. माझ्या संगणकावर ते फोल्डर असण्याचे काही कारण नव्हते. 'वाड्याच्या मागल्या दाराशी दप्तर आहे' असे लिहून ठेवावे आणि कोणता वाडा ते सांगू नये, तसे झाले. पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या फोल्डरापासून मोजला की हा दोष जातो.

१९/
तिसरा भेद सर्वांत बोधप्रद. जुनी फाइल वाचताना कोणती संकेतप्रणाली धरायची, हे मित्राने लिहिले होते. नवी फाइल लिहिताना कोणती, हे लिहायचे राहिले. त्याच्या लिनक्सवर न सांगता यूटीएफ-८ धरले जाते, म्हणून मराठी सुखरूप उमटली. माझ्या विंडोजवर पायथनने पश्चिम युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता धरला. त्यात देवनागरीला जागाच नाही. पहिले मराठी अक्षर आले आणि प्रोग्राम कोसळला.

२०/
गंमत पाहा. ज्या २५६ घरांच्या तक्त्यामुळे गुरुजींची फाइल अडकली होती, त्याच घराण्यातील तक्ता पाव शतकानंतर आमच्या वाटेत उभा होता. कारणही तेच: लिहिणाऱ्याने आपला परिसर गृहीत धरला आणि लिहून ठेवला नाही. डीटीपी केंद्रातल्या माणसाने फॉन्ट लिहून ठेवला नाही, माझ्या मित्राने संकेतप्रणाली. गृहीतक जितके नेहमीचे, तितके ते नोंदवायचे राहून जाते.

२१/
मग आम्ही सेटअप नव्याने, नीट उभारला. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी क्रम देतो.

पहिले: मूळ फाइलला हात लावू नये. तिची प्रत काढावी आणि प्रतीवरच काम करावे. दप्तरखान्यात मूळ कागदावर पेन्सिल चालवत नाहीत, तोच नियम.

दुसरे: कोणती संगणक-प्रणाली, भाषेची कोणती आवृत्ती, हे प्रकल्पाच्या 'रीडमी' फाइलमध्ये पहिल्याच ओळींत लिहावे.

२२/
तिसरे: प्रकल्पासाठी वेगळा कप्पा करावा. पायथनमध्ये त्याला 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. ही सोय भाषेतच २०१२ पासून, ३.३ आवृत्तीपासून आहे. त्या कप्प्यात बसवलेली पॅकेजेस त्याच प्रकल्पापुरती राहतात, दुसऱ्या प्रकल्पाशी भांडत नाहीत.

चौथे: प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती एका यादीत लिहावी. 'नवीन असेल ते' असे लिहिणे म्हणजे तिथीविना पत्र.

२३/
पाचवे: वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा संकेतप्रणाली स्पष्ट सांगावी.

सहावे: नेटवर्क अशक्त असेल तर पॅकेजेस एकदाच चांगल्या जोडणीवर उतरवून फोल्डरात ठेवता येतात आणि तेथूनच बसवता येतात. माझी पॅकेजेस नांदेडहून पेनड्राइव्हवर आली. मात्र ती आपल्याच प्रणालीसाठी व आवृत्तीसाठी उतरवलेली हवीत.

सातवे: बदलांचा इतिहास ठेवावा. त्यासाठी गिट आहे, २००५ पासून. कोणी, केव्हा, काय बदलले, हे त्यात राहते.

२४/
आठवे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना ठेवावा. आमच्याकडे प्रूफाची चार पाने होती. दोन पानांवरून तक्ता केला आणि उरलेली दोन मुद्दाम बाजूला ठेवली. प्रत्येक बदलानंतर त्या दोन पानांचे रूपांतर छापील मजकुराशी ताडून पाहायचे. तीनही संगणकांवर ते जुळले तरच पुढे जायचे. इतिहासात यालाच आपण साधनाचे परीक्षण म्हणतो.

२५/
हे परीक्षण का हवे, त्याचे एक मराठी उदाहरण. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल भाग. दुसऱ्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. मुखेड तालुक्यातील 'बाऱ्हाळी' एका रीतीने लिहिले आणि दुसऱ्या रीतीने शोधले, तर शोध रिकामा परत येऊ शकतो. उद्याचा संशोधक म्हणेल, या आठवणींत बाऱ्हाळीचा उल्लेख नाही. तो असूनही!

२६/
'ॲ'चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधी 'अ' वर चंद्र देऊन ते लिहीत. जुन्या फॉन्टाच्या संगणकावर नवे अक्षर उघडले की चौकोन दिसतो. म्हणून अशा अक्षरांसाठी एकच रीत ठरवून तीही रीडमीत नोंदवली.

२७/
आज हा प्रश्न सोडवण्याची आणखी मोठी साधने आहेत. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'ने प्रोग्राम आणि त्याचा परिसर एकत्र बांधून पाठवण्याची रीत सर्वदूर नेली. त्यातील 'कंटेनर' हा शब्द जहाजावरील पेटाऱ्यावरूनच आला. न्हावा-शेवा बंदरात पेटारा उतरतो तेव्हा आत काय आहे याची क्रेनला चिंता नसते, तसेच येथे. आमच्या छोट्या कामाला त्याची गरज भासली नाही. यादी, कप्पा आणि नमुना एवढे पुरले.

२८/
अखेरीस फाइल वाचता आली. पण पूर्ण नाही. फॉन्टातील एक चिन्ह चार पानांत कुठेच आले नव्हते आणि ते नेमके दोन माणसांच्या नावांत होते. प्रोग्रामने अंदाज करावा की नाही, यावर आमच्यात वाद झाला. अंदाज करायचा नाही असे ठरले. त्या जागी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवले आणि छापील प्रत गुरुजींना नेऊन दिली.

२९/
गुरुजींनी लाल पेनाने सगळी पाने तपासली. पहिल्या प्रश्नचिन्हापाशी ते क्षणभर थांबले आणि नाव लिहिले. त्या घरी आपण चहा घेतल्याचेही सांगितले. दुसरे नाव त्यांना आठवले नाही. ते प्रश्नचिन्ह अजून तसेच आहे. त्या नावाचा माणूस बँकेच्या छाप्यानंतर निरोप घेऊन रात्री चालत गेला होता, एवढे वाचता येते. तो कोण, हे नाही.

३०/
एका माणसाचे नाव एका फॉन्टच्या तक्त्यात अडकून राहिले आहे. तो तक्ता आणखी कुणाच्या तरी जुन्या संगणकात, कुठल्या तरी बंद डीटीपी केंद्राच्या कपाटात असेल. तुमच्या गावात स्मरणिका, ग्रामइतिहास, सहकारी संस्थांचे अहवाल नव्वदच्या दशकात टंकलिखित झाले असतील. त्यांच्या फ्लॉप्या आणि सीड्या फेकू नका. सोबत एखादे छापील पान मिळाले तर तेही जपा.

३१/
आणि स्वतः काही लिहाल, प्रोग्राम असो वा टिपण, तर त्याच्या शेजारी चार ओळी लिहून ठेवा: हे कशात लिहिले, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या संकेतप्रणालीत, आणि उघडायचे कसे. आपल्या पूर्वजांच्या कारकुनांनी कागदावर सन लिहिला, तोही कोणता सन ते सांगून. '१३५७' पुढे 'फसली' हा शब्द नसता, तर आपण आजही बहमनी काळात भटकत असतो.

धागा समाप्त.